पी५३ बिघडलेलं असताना व्होरिनोस्टॅटने पी२१ वाढतं कसं?

चिमणी_एमएस्सी:
सेमिनारसाठी वाचतेय. व्होरिनोस्टॅटसारखा एचडॅक इनहिबिटर (एचडॅक एन्झाइम अडवणारं कॅन्सरचं औषध) दिला की पी२१ (पेशीची विभागणी रोखणारं प्रथिन) वाढतं आणि पेशी जी१ ला (डीएनएची कॉपी होण्याआधीच्या टप्प्यात) थांबतात म्हणे. पण पी२१ चालू करायला पी५३ (ट्यूमर रोखणारं प्रथिन) लागतं ना? ते तर कितीतरी कॅन्सरमध्ये बिघडलेलंच असतं, मग?

जुना_पिपेट:
पी५३ हा एकच रस्ता नाहीये गं. पी२१ च्या प्रमोटरवर (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर) एसपी१ या जनुक चालवणाऱ्या प्रथिनाच्या जागा आहेत, तिथे एचडॅक१ बसून हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) असिटाइल ग्रुप काढत राहतं, औषधाने ते अडलं की असिटाइल वाढतात, जनुक वाचलं जातं, मग पी२१ जाऊन सीडीके२ ला (विभागणी पुढे ढकलणाऱ्या एन्झाइमला) धरतं, आरबी या ब्रेकसारख्या प्रथिनावर फॉस्फेट लागत नाहीत, ब्रेक सुटत नाही आणि पेशी एस फेजमध्ये (डीएनए कॉपी होण्याच्या टप्प्यात) शिरतच नाही. बऱ्याच पेशींत सायक्लिन डी१ (जी१ मधून पुढे नेणारं प्रथिन) पण घसरतं.

वाचतोय_फक्त:
डेसिटाबिन हे दुसरं औषध पण बघ. एमडीएसमध्ये (अस्थिमज्जेच्या रक्त बनवणाऱ्या पेशींच्या आजारात) पी१५ या विभागणी रोखणाऱ्या जनुकाचा प्रमोटर बऱ्याचदा मिथाइल लागून गप्प असतो. हे औषध डीएनएत शिरून डीएनएमटी१ ला (मिथाइल लावणाऱ्या एन्झाइमला) अडकवतं, म्हणजे नवीन कॉपीवर मिथाइल लागत नाही. गंमत म्हणजे यासाठी पेशी विभागत राहायला हवी, म्हणून असर दिसायला काही सायकल जातात.

चिमणी_एमएस्सी:
भारी! मग दोन्ही एकत्र दिली तर?

जुना_पिपेट:
लॅबच्या डिशमधल्या पेशींत झकास. पण हाय रिस्क एमडीएसच्या ट्रायलमध्ये अझासिटिडीनला (डेसिटाबिनच्याच जातीच्या औषधाला) व्होरिनोस्टॅट जोडून रिस्पॉन्स काही वाढला नाही, उलट साइड इफेक्टमुळे डोस कमी करावे लागले. सेमिनारला हे नक्की विचारतील.