दुसरं महायुद्ध : अमेरिकेतल्या प्रशिक्षण छावणीत शिपायाचा दिवस कसा जायचा?

प्रश्न (कथालेखक_पुणे)
१९४३-४४ मधल्या एका कथेसाठी माहिती हवी आहे. सक्तीच्या भरतीतला अमेरिकन पायदळाचा शिपाई परदेशी जाण्याआधी टेक्सासमधल्या कॅम्प वॉल्टर्ससारख्या छावणीत काही महिने काढायचा. लढायांवर वाचायला भरपूर मिळतं, या महिन्यांवर फारसं नाही. बराक कशी होती, रायफलीला एवढा वेळ का जायचा, पगारातलं हातात किती उरायचं? बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल.

कोळशाची_भट्टी
आधी मुदत. पायदळाच्या प्रशिक्षण केंद्रांत १९४१ मध्ये अभ्यासक्रम १३ आठवड्यांचा होता, १९४३ मध्ये तो १७ आठवड्यांवर गेला. तुमच्या कथेला १७ धरा.

बराक म्हणजे दुमजली लाकडी इमारत. नकाशा सगळीकडे जवळपास एकच, ६३ माणसांचा. दोन्ही मजल्यांवर खाटांच्या दोन रांगा, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी लाकडी पेटी, भिंतीला फळी आणि कपडे टांगायचा दांडा. शेजारच्या दोघांनी उलटसुलट झोपायचं, एकाचं डोकं जिथे तिथे दुसऱ्याचे पाय. खोकल्यातून पसरणारे आजार रोखण्यासाठी हा नियम होता. संडास तळमजल्यावर, एका ओळीत, मध्ये आडोसा नाही. नव्या पोराला पहिल्या दिवसांत सगळ्यात जड जाणारी गोष्ट बहुधा हीच.

गरम पाणी आणि ऊब कोळशाच्या भट्टीवर. रात्री विस्तव राखेखाली दाबून हवेची झडप जवळजवळ बंद करायची, म्हणजे तो पहाटेपर्यंत टिकतो. झडप उघडी राहिली तर कोळसा मध्यरात्रीच संपतो. राख जास्त दाबली किंवा जाळीवर वितळलेल्या राखेचे खडे अडकले तर हवा कोंडते आणि विस्तव विझतो. मग पहाटे ६३ जणांना थंड पाण्याने दाढी! इमारत लाकडी असल्याने रात्रभर आगीवर पहारा असे, आणि सिगारेटची थोटकं टाकायला खांबांना पाण्याचे डबे ठोकलेले असत.

शुक्रवारी रात्री खाटा सरकवून जमीन साबणाने घासायची, कारण शनिवारी सकाळी तपासणी. त्यात नापास झालं की सुट्टीचा पास जातो.

जुनी_नळी
रायफलीचं सांगतो. एम-१ गॅरंड, वजन साधारण ४.३ किलो, ८ काडतुसांची क्लिप.

त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मिठासारखं क्षार आहे, हवेतला ओलावा ओढतं आणि नळी आतून गंजवतं. तेलात ते विरघळत नाही, म्हणून नुसतं तेल फिरवणाऱ्याची नळी वरून चकचकीत आणि आतून गंजलेली निघते. गरम साबणपाणी किंवा नळीसाठी मिळणारं द्रावण वापरायचं, मग साधं गरम पाणी, मग कोरड्या चिंध्या, शेवटी तेलाचा पातळ हात. गोळीबाराच्या दिवशी हे करायचंच, पुढचे तीन दिवसही सफाई करायची.

गॅरंडची नळी गजाने साफ करताना गज पुढच्या तोंडाकडूनच घालावा लागतो. तो कडेला घासत राहिला तर तोंड झिजतं आणि नेम बिघडतो. यासाठी दोरीला बांधलेला ब्रश मागून पुढे ओढणं बरं. वायूच्या नळकांड्यात तेल घालायचं नाही, जळून काजळी धरते. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल.

कथेत हमखास वापरण्याजोगी गोष्ट म्हणजे अंगठा. रिकामी रायफल बंद करताना आतली पट्टी अंगठ्याने दाबावी लागते. त्या वेळी तळहाताच्या कडेने बाहेरचा दांडा मागे धरून ठेवला नाही, तर बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा लोखंडी भाग, पुढे येतो आणि अंगठा चेचतो. नख काळं पडलेला शिपाई दिसला की कारण विचारावं लागत नसे.

नेमबाजीच्या दिवशी अर्धी माणसं गोळ्या झाडत, अर्धी लक्ष्यांखालच्या खंदकात लक्ष्यं वरखाली करत. गोळी लक्ष्याला लागलीच नाही तर खंदकातून लाल निशाण हलवत, त्याला शिपाई ‘मॅगीची चड्डी’ म्हणत. मागची दर्शनी, म्हणजे नेम धरायची मागची खूण, एक टिकटिक फिरवली की गोळी १०० यार्डांवर सुमारे एक इंच सरकते, २०० वर दोन इंच. घाईत उलट्या बाजूला फिरवणं ही नेहमीची चूक.

कथालेखक_पुणे
फार उपयोगी. पगार? आणि नायक विवाहित आहे.

हिशेबनीस
जून १९४२ पासून साध्या शिपायाला महिना ५० डॉलर. बायको असेल तर २२ डॉलर कापून सरकार त्यात २८ घाले आणि तिला ५० जात. दहा हजार डॉलरच्या विम्याचे विशीतल्या माणसाला साडेसहाच्या आसपास, धुलाईचे दीड. म्हणजे तुमच्या नायकाच्या हातात साधारण २० डॉलर. युद्धरोखे घेतले असतील तर आणखी कमी. मुदतीअंती २५ डॉलर देणारा रोखा १८.७५ ला मिळे.

पगार रोख, टेबलासमोर रांगेने. पगारपत्रकावरचं नाव आणि सही अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे, मधलं आद्याक्षरसुद्धा. ते सुटलं की नावावर लाल रेघ येते आणि त्या महिन्याचा पगार लांबतो. पत्रांना मात्र एप्रिल १९४२ पासून तिकीट लागत नसे, पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात हाताने ‘फ्री’ लिहायचं. नायकाच्या पत्रावर तिकीट चिकटवू नका.

कोळशाची_भट्टी
एक महत्त्वाचं राहिलं. काळा आणि गोरा शिपाई एका बराकीत दाखवू नका. सैन्यात वर्णभेद होता; काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या, बराकी आणि खानावळीही वेगळ्या. जर्मनीतल्या वंशवादाशी लढायला निघालेल्या सैन्याने आपल्याच माणसांना असं वागवलं, हे कथेत यायलाच हवं. हा भेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश जुलै १९४८ मध्ये निघाला, म्हणजे तुमच्या कथेनंतर चार-पाच वर्षांनी.