घर रिकामं करायचंय: सामान बांधण्यावरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

सेक्रेटरी (बी-५): नमस्कार मंडळी. आपल्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी घरं रिकामी करण्याची नोटीस आज बिल्डरकडून सोसायटीला मिळाली. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी किल्ल्या द्यायच्या आहेत. सामान हलवण्याचा खर्च करारात ठरल्याप्रमाणे दोनदा मिळेल, आत्ता जाताना आणि परत येताना. ज्यांचे पॅकर्स ठरलेत त्यांनी दिवस इथे कळवा. कोथरूडातल्या आपल्या गल्लीत एका वेळी एकच मोठा टेम्पो उभा राहू शकतो, त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतील.

ए-३ दादा: आमचा पुढचा रविवार. पॅकर्सवाला म्हणाला, तुम्ही कशाला हात लावू नका, सगळं एका दिवसात बांधून देतो. कुणाचा अनुभव आहे का?

सी-६ वहिनी: माझ्या बहिणीचा आहे. फोनवर एक रक्कम सांगितली, सामान टेम्पोत चढल्यावर "सामान जास्त निघालं" म्हणून आणखी पैसे मागितले आणि ते मिळेपर्यंत उतरवायला तयार नाहीत. त्यामुळे माणूस घरी येऊन सामान बघून गेल्याशिवाय ठरवू नका. यादी कागदावर घ्या, त्यात पलंग आणि कपाट खोलणं-जोडणं, मजला, लिफ्ट आहे की नाही, टेम्पो केवढा, सगळं लिहून घ्या. बयाणा थोडाच द्या.

ए-७ काकू: वहिनींचं अगदी बरोबर आहे. दादा, बांधतात ते एका दिवसात, पण उघडायला आपल्याला महिना जातो, कारण कुठल्या खोक्यात काय गेलं ते त्यांनाही ठाऊक नसतं. ह्यांच्या बदलीच्या नोकरीत सोलापूर, नांदेड, रत्नागिरी असं घर हलवत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या वेळचं हलवणं नेहमीच्या बदलीसारखं नाही. आपण भाड्याच्या छोट्या जागेत जाणार आणि तीन वर्षांनी पुन्हा सामान बांधून परत येणार. म्हणून बांधायच्या आधी घरातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही भाड्याच्या घरात उघडायची आहे की नव्या घरात? दोन्हींची खोकी पहिल्यापासून वेगळी ठेवा. आमच्याकडे उघडायच्या खोक्यांवर निळी खूण आणि बंद राहायच्या खोक्यांवर लाल खूण आहे. खूण आणि नाव खोक्याच्या बाजूला लिहा, वर लिहू नका. एकावर एक खोकी रचली की वरचं काही दिसत नाही. "स्वयंपाकघर" एवढंच लिहून भागत नाही. "कुकर, कढया, लाटणं-पोळपाट" असं लिहा.

पुस्तकं मोठ्या खोक्यात कधीच भरू नका. खोकं छोटं हवं, एका माणसाला कमरेशी धरून उचलता आलं पाहिजे. मोठी खोकी गाद्या, उशा, गोधड्यांसाठी ठेवा. काचेच्या बशा आडव्या रचायच्या नाहीत, कडेवर उभ्या लावायच्या आणि मधे वर्तमानपत्र घालायचं. त्याने त्या फुटत नाहीत. जुन्या साड्या आणि गोधड्या बबल रॅपपेक्षा चांगलं काम करतात आणि फुकट असतात.

ए-३ दादा: काकू, हे दोन खुणांचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच आईला वाचून दाखवतो.

बी-१ ताई: फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं काय करायचं?

सी-४ दादा: फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पूर्ण रिकामा करा. बर्फ वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणी काढा, आतून कोरडा पुसा. नेताना उभाच न्यायचा. नव्या जागी ठेवल्यावर लगेच बटण दाबू नका, काही तास तसाच राहू दे, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसतं. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल तर घेताना मागच्या बाजूला लांब बोल्ट होते, ते शोधा. ड्रम त्या बोल्टांनीच घट्ट बसतो. ते न लावता नेलं तर ड्रम हेलकावतो आणि आतले दांडे जातात. एसी उतरवताना मेकॅनिकला स्पष्ट सांगा की गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून दोन्ही व्हॉल्व्ह बंद कर आणि मगच पाइप सोडव. घाईत पाइप तसाच कापला की गॅस उडून जातो आणि पुढे नवीन भरावा लागतो. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्या, आत ॲसिड असतं.

बी-१ ताई: खूप धन्यवाद. बोल्ट कुठे ठेवलेत कुणास ठाऊक, माळ्यावर बघते.

सी-२ आजोबा: मला एक बोलायचंय. काल कुणीतरी जिन्यात ठेवलेल्या वस्तूंचा फोटो ग्रुपवर टाकून "फुकट घेऊन जा" असं लिहिलं. त्यात आमच्या हिचं जातं आणि पाटा-वरवंटा होता. आमचा नातू घाईघाईत खाली ठेवून आला होता. मी ते सगळं परत वर आणवलं. भाड्याच्या घरात ठेवायला जागा नाही हे मलाही कळतं. पण घरातल्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या वस्तू बाहेर काढू नयेत, एवढीच विनंती.

ए-७ काकू: आजोबा, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मुलांनो, हे लक्षात घ्या. आवराआवरीत सगळ्यात जास्त दुखावली जातात ती घरातली वयस्क माणसं, कारण त्यांच्या हातात काहीच राहत नाही. काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते त्यांच्यासोबत बसून ठरवा, त्यांच्या पाठीमागे नको.

जात्याचं म्हणाल तर ते देऊ नका. लग्नघरी हळद दळायला आणि घाणा भरायला जातं लागतंच, आणि आता शोधायला गेलं तर घरात जातं असलेली माणसं मोजकीच. आपल्या सगळ्या सोसायटीत मिळून एक तरी जातं असावं. नव्या इमारतीत सोसायटीचं ऑफिस होणार आहे, तिथे राहील. तोपर्यंत माझ्या दिराच्या बंगल्यात वऱ्हांड्यात ठेवायची सोय मी करते. पाटाही तिथेच ठेवू.

सी-२ आजोबा: फार उपकार झाले. हिला सांगतो.

सी-६ वहिनी: आमच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं निघालंय. सासऱ्यांच्या आजोबांचे कागद असावेत, लिपी मोडी वाटतेय. कडा झडतायत. रद्दीत देऊ का?

सेक्रेटरी (बी-५): वहिनी, अजिबात देऊ नका! 🙏 वतनाचे, जमिनीचे, देण्याघेण्याचे कागद तेव्हा मोडीतच लिहीत. त्यात तुमच्या गावचा आणि घराण्याचा इतिहास असू शकतो. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थापन केलेलं. मोडी वाचणारी माणसं तिथे भेटतात, आधी तिथे दाखवा. तोवर चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून सपाट पेटीत ठेवा आणि ती पेटी टेम्पोत न घालता स्वतः न्या.

सी-६ वहिनी: बरं झालं विचारलं. ह्यांनी रद्दीवाल्याला उद्या बोलावलंय.

ए-७ काकू: उद्या रद्दीवाला आला की वहिनी, तुम्ही स्वतः समोर उभ्या राहा. रद्दीत महत्त्वाचे कागद जातात ते असेच.

आणि कागदांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बिल्डरबरोबरचा नोंदणीकृत करार, जुना खरेदीखताचा कागद, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेटची प्रत, भाडेकरार, विम्याच्या पॉलिसी, मुलांचे मूळ दाखले, दागिने, रोजची औषधं, चष्मे, चेकबुक हे सगळं एका बॅगेत भरा आणि ती बॅग घरातल्या एकाच माणसाच्या खांद्यावर राहू दे, टेम्पोत नको. पॅकर्सची माणसं घरात वावरत असताना ही बॅग कपाटावरसुद्धा ठेवू नका.

ए-३ वहिनी: काकू, माझ्या पैठण्या आणि सासूबाईंचे शालू आहेत. तीन वर्षं बंद ठेवायचे म्हणजे भीती वाटते.

ए-७ काकू: भीती रास्त आहे, पण बंदच ठेवायचे नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमट होतं. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा. जरीला डांबर गोळी चिकटली तर जरीचा धागा काळा पडतो, म्हणून गोळ्या घालायच्याच असतील तर वेगळ्या पुरचुंडीत, कापडापासून लांब. साडीची पेटी जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळी घाला. पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्या आणि घडी बदला. तीच घडी वर्षानुवर्षं राहिली की साडी घडीवरच फाटते. ही पेटी निळ्या खुणेची, म्हणजे हाताशी राहील अशी ठेवा. लाल खुणेच्या खोक्यांमागे गेली की तीन वर्षं दिसणार नाही.

पुस्तकांनाही हेच लागू. कसर आणि वाळवी लागते ती भिंतीला टेकलेल्या खोक्यांना.

बी-८ काका: आम्ही नाशिकला मुलाकडे जातोय. पॅकर्सवाला ई-वे बिलाचे (जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचे) वेगळे पैसे मागतोय, "घरचं सामान असलं तरी लागतंच" म्हणतो.

सी-४ दादा: काका, देऊ नका. जीएसटीच्या नियम १३८ मध्ये ई-वे बिलातून वगळलेल्या गोष्टींची यादी आहे, त्यात वापरलेलं घरगुती सामान स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडीत सामानाची सही केलेली यादी आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत ठेवा म्हणजे झालं. वाटेतल्या विम्याचे पैसे घेत असतील तर मात्र विम्याचा कागद मागा आणि यादीत प्रत्येक वस्तूची किंमत लिहून घ्या. टीव्ही आणि शोकेसचे आधीचे ओरखडे दिसतील असे फोटो चढवण्याआधीच काढून ठेवा.

बी-८ काका: उपयोगी माहिती. आणि सिलिंडर? आमच्याकडे पाइप गॅस नाही.

सेक्रेटरी (बी-५): भरलेला सिलिंडर पॅकर्स घेत नाहीत आणि घेऊही नये. दुसऱ्या शहरात जाताना एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या आणि ट्रान्स्फर व्हाउचर घ्या. नाशिकला ते दाखवून नवीन जोडणी मिळते. गॅसचं पुस्तक हरवू नका. पुण्यातच राहणाऱ्यांनी एजन्सीत पत्ता बदलायचा अर्ज करायचा.

बी-१ ताई: एक विचारू का? आमचा मुख्य दरवाजा जुन्या सागवानाचा आहे, बाबांनी स्वतः घडवून घेतलेला. तो काढून नेता येईल का? ग्रिल पण नवीनच आहे.

सेक्रेटरी (बी-५): ताई, करारात बसवलेल्या वस्तू, म्हणजे दरवाजे, खिडक्या, ग्रिल, फरशी, हे बिल्डरकडे जाणार असं आहे. त्यामुळे परस्पर काढू नका, नंतर किल्ली देताना वाद होईल. पण दरवाज्याला भावनिक मोल आहे हे समजतं. उद्याच लेखी विनंती द्या, मी कमिटीतर्फे बिल्डरशी बोलतो. एका दरवाज्यासाठी ते अडून बसतील असं वाटत नाही. होकार आला तर तोही लेखी घेऊ.

बी-१ ताई: हो, आज रात्रीच पत्र लिहिते. मनापासून आभार.

सी-४ दादा: जुने टीव्ही, मॉनिटर, वायरी, मोडलेलं फर्निचर कुणी कचराकुंडीशी टाकू नका. आपल्याकडे कचरा गोळा करणारी माणसं स्वच्छ सहकारी संस्थेची आहेत. मोठं आणि इलेक्ट्रॉनिक सामान ते वेगळं गोळा करतात. रोज येणाऱ्या मावशींना विचारून मी एक दिवस ठरवतो, सगळ्यांनी त्याच दिवशी खाली आणा.

ए-३ दादा: काकू, शेवटचा प्रश्न. पोलादी कपाट तसंच न्यायचं की रिकामं करून? पॅकर्सवाला म्हणतो, कपडे आतच राहू द्या.

ए-७ काकू: रिकामं करूनच. भरलेलं कपाट जिन्यात तिरकं झालं की दारावर सगळं वजन येतं आणि बिजागरी वाकते. आतल्या तिजोरीचा कप्पा स्वतः रिकामा करा, हात घालून मागचा कोपराही चाचपा. नव्या जागी फरशीला उतार असेल तर दार नीट लागत नाही, किल्ली फिरत नाही आणि माणसं समजतात कुलूप बिघडलं. पुढच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून बघा, बहुतेक वेळा दार तिथेच बसतं.

आणि स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी बांधा. एक खोकं वेगळं ठेवा, ते टेम्पोत सगळ्यात शेवटी चढलं पाहिजे म्हणजे पहिलं उतरेल: चहा-साखर, पातेलं, गाळणं, तवा, लायटर, चार ताटल्या, सुरी, एक बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, पेचकस, साबण, पंचा, एक चादर. लोणच्याच्या बरण्या आपल्या गाडीत, तोंडाला फडकं बांधून मांडीवर. देव तांब्याच्या ताम्हनात अक्षतांवर ठेवून हातात न्यायचे.

सेक्रेटरी (बी-५): मंडळी, दोन सूचना. भाडेकरार नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार ते बंधनकारक आहे. बऱ्याच सोसायट्या त्याची प्रत आणि पोलिसांकडची भाडेकरूची नोंद बघितल्याशिवाय टेम्पो आत सोडत नाहीत, आणि सामान चढवायच्या त्यांच्या वेळाही ठरलेल्या असतात. तेव्हा तिथल्या सेक्रेटरींशी आधी बोलून घ्या. दुसरं, विजेच्या मीटरचा किल्ली देण्याच्या दिवशी आणि गॅसच्या मीटरचा तो काढण्याआधी रीडिंगसह फोटो काढून मला पाठवा. शेवटचं बिल आणि अनामत त्यावरून निघेल.

ए विंगचा पाइप गॅस शेवटच्या मंगळवारी बंद करायचं ठरतंय. कंपनीचा माणूस येऊन मीटर काढेल, कुणी स्वतः पाना लावू नका.

ए-३ वहिनी: अरे देवा, आमचं निघणं गुरुवारी आहे. बाळाचं दूध आणि सासूबाईंचं पथ्याचं जेवण कसं करायचं?

ए-७ काकू: वहिनी, माझी इंडक्शनची शेगडी शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर राहणार आहे. मंगळवार ते गुरुवार दोघांचं माझ्याकडे करा, सकाळी सहापासून दार उघडं असतं. आणखी कुणाकडे लहान बाळ किंवा पथ्य असेल तर आजच सांगा, म्हणजे त्या हिशेबाने मी भांडी कमी बांधेन.