अनुभव धागा: तुमच्या संगणकाचा कुठला आवाज अजून कानात आहे?

जुनी_खिडकी (धागाकर्ती)
परवा दाढदुखीसाठी दवाखान्यात बसले होते. तेवढ्यात वीज गेली आणि आली. रिसेप्शनवरचा संगणक पुन्हा सुरू झाला आणि विंडोज एक्सपीची ती सुरावट वाजली. बाकावर आम्ही चाळिशी-पन्नाशीचे तिघं, गाल धरून बसलेले. तिघांनी एकदमच माना वर केल्या. चौथा कॉलेजातला मुलगा. तो मोबाईलमध्येच.

घरी येऊन आवाजांच्या मागे लागले. एक्सपीच्या आधीची, विंडोज ९५ची धून ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराची, हे ऐकून होते. पण त्याला काम कसं दिलं ते आत्ता वाचलं. प्रेरणादायी हवं, वैश्विक हवं, भावुक हवं अशी विशेषणांची लांबलचक यादी, लग्नाच्या जाहिरातीत वधूबद्दल असते तशी, आणि शेवटी अट: लांबी सव्वातीन सेकंद. पठ्ठ्याने ८४ तुकडे केले! त्यानंतर तीन मिनिटांचं काम हाती आलं तेव्हा वेळेचा समुद्र मिळाल्यासारखं वाटलं म्हणे. आणि हे सगळं केलं मॅकवर, म्हणजे प्रतिस्पर्धी ॲपलच्या संगणकावर, असं त्यानेच नंतर सांगितलंय.

तर मंडळी, आवाज असो की संगणक बाजारात येण्याआधी कंपन्या आतल्या आत ठेवतात ती टोपणनावं, तुमची आठवण लिहा. 'छान धागा' लिहून पळू नका.

खोडरबर
मी १९९८ पासून आठ-नऊ वर्षं तालुक्याच्या गावी संगणक जोडून द्यायचो आणि दुरुस्त करायचो. आमचं पोट सुरावटींवर नाही, बीपवर. पडदा उजळायच्या आधीच यंत्र अडलं तर ते सांगणार कसं? म्हणून मदरबोर्डवरचा तो टिचभर स्पीकर. अवॉर्ड कंपनीचा बायॉस (सुरू होताना यंत्र तपासणारा प्रोग्रॅम) असेल तर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाचं दुखणं. लांब बीप थांबून थांबून येतच राहिली तर रॅम.

गिऱ्हाईकाचा फोन आला की मी म्हणायचो, "कसा वाजतोय ते तोंडाने वाजवून दाखवा." भले भले लाजायचे. एका शाळेच्या मुख्याध्यापिका मात्र खणखणीत आवाजात, "टूऽऽऽ, टू, टू! परत करू का?" मागे अख्खा स्टाफ हसतोय.

रॅमचा इलाज सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पट्टी काढायची, सोनेरी दात शाळकरी खोडरबराने दोन्ही बाजूंनी घासायचे, चुरा फुंकायचा, पट्टी खाचेत उभी धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. दोन्ही कडांच्या खिट्ट्या 'टक टक' बसल्या पाहिजेत. मग बटण दाबलं की एकच छोटी बीप. सगळं ठीक. माझ्यासाठी ईनोपेक्षा ती बीप मोठी.

जुनी_खिडकी
मुख्याध्यापिकांना माझा नमस्कार कळवा.

भारनियमन
आमचा एमएस-सीआयटीचा क्लास, २००५. वीज जायची ठरलेल्या वेळी, यायची तिच्या मर्जीने. आली की सर भिंतीवरचं मेन बटण खाटकन वर करायचे. सोळा संगणक एकदम घुरघुरायला लागायचे, पण पोचायचे मागेपुढे. पहिल्याची धून संपत आली की तिसऱ्याची सुरू, मध्येच सातव्याची. आरतीला प्रत्येक जण आपापल्या लयीत पोचतो ना, तसं.

पुढे नोकरीमुळे कॅनडात व्हँकुव्हरला राहिलो आणि उत्तरेला दोनेक तासांवरच्या व्हिस्लरला गेलो. तिथे कळलं की एक्सपीचं आतलं नाव 'व्हिस्लर' होतं. शेजारचा डोंगर ब्लॅककोंब, ते त्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीचं नाव. दोन्ही डोंगरांच्या पायथ्याशी लाँगहॉर्न नावाचा बार आहे. म्हणून मधल्या छोट्या आवृत्तीचं नाव 'लाँगहॉर्न'. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत जरा टेकायचं, एवढाच बेत. तीच पुढे व्हिस्टा झाली. एक्सपी आली ऑक्टोबर २००१ला, व्हिस्टा बाजारात आली जानेवारी २००७ला. मंडळी बारमध्ये जरा जास्तच टेकली.

कड_कट्ट
माझं छोटंसं. वडील तारखात्यातून निवृत्त झालेले. २००१ साली मी पहिला नोकिया घेतला. जेवताना मेसेज आला: टि-टि-टि, टीं-टीं, टि-टि-टि. वडिलांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "हा एसएमएस एसएमएस काय म्हणतोय?"

मला वाटलं पडद्यावरचं वाचलं. पण फोन तर खिशात! तीन आखूड म्हणजे एस, दोन लांब म्हणजे एम, परत एस. तारेची मोर्स लिपी. सहा महिने तो आवाज ऐकणाऱ्या आमच्या अख्ख्या ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता, आणि ज्यांनी मोबाईल हातात धरला नव्हता त्यांनी वरणभात कालवता कालवता सांगितलं. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा ते नव्हते, हे एका अर्थी बरंच.

रातराणी
@कड_कट्ट, अंगावर काटा! पुरवणी जोडते: नोकियाची ती प्रसिद्ध रिंगटोन स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगा याच्या १९०२च्या 'ग्रान व्हाल्स'मधली आहे. मी गिटार शिकताना ते वाजवायला घेतलं आणि त्या ओळीवर आले की घरातलं कुणीतरी हमखास फोन शोधायला उठायचं.

छपाईवाला
दादरला डीटीपीच्या धंद्यात होतो. मॅकवर आवाज निवडायची जी यादी असे, तिच्यात एक नाव 'सोसुमी'. सगळे समजायचे जपानी शब्द. आमच्याकडच्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी मात्र पहिल्याच दिवशी वाचलं, "किती सोसू मी!" त्यानंतर मॅक लटकून तो आवाज आला की खोलीभर "सोसू मी, सोसू मी" चालायचं.

खरी कथा फार वेगळी नाही हो. बीटल्सची कंपनी ॲपल कोर आणि संगणकवाली ॲपल यांच्यात नावावरून जुनं भांडण. संगणकवाल्यांनी संगीतात शिरायचं नाही, असा करार. जिम रीक्स नावाच्या माणसाने एका आवाजाला 'चाइम' नाव दिलं, तर कायदा विभाग म्हणाला, हे फारच सांगीतिक. तो वैतागून म्हणाला, 'सो सू मी', म्हणजे करा जा खटला! तेच स्पेलिंग बदलून लिहिलं आणि वर कळवलं की जपानी शब्द आहे, संगीताशी संबंध नाही. १९९१च्या सिस्टम ७ बरोबर ते जगभर गेलं.

मॅक सुरू होतानाचा तो भरदार स्वरमेळही त्याचाच. आधीचा आवाज कर्कश होता, आणि यंत्र कोलमडलं की पुन्हा सुरू करताना लोकांना तोच ऐकावा लागे. मनस्तापात भर. त्याने सी मेजरचा सुखावणारा मेळ बसवला. रात्री दोन वाजता अर्धं पान उडाल्यावर तो ऐकलेला माणूस म्हणून सांगतो: मनस्ताप होतोच, पण शिवी जरा सौम्य येते.

भारनियमन
ॲपलच्या वकिलांवरून आठवलं. १९९४च्या पॉवर मॅकिंटॉश ७१००चं आतलं नाव खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्यावरून 'कार्ल सेगन' होतं. सेगन यांनी हरकत घेतल्यावर अभियंत्यांनी ते बदलून 'बीएचए' केलं, म्हणजे 'बट-हेड ॲस्ट्रॉनॉमर', बथ्थड खगोलशास्त्रज्ञ. त्यावरून ते कोर्टात गेले. मग तिसरं नाव 'एलएडब्ल्यू', म्हणजे 'लॉयर्स आर विम्प्स', वकील भित्रे असतात. एवढं रामायण कशासाठी, तर खोक्यावर कधीच न छापल्या जाणाऱ्या नावासाठी.

पाषाणकर
आपल्याकडे हा प्रकार नाही. आपल्याकडे थेट बारसं. १९९३ला कॉलेजातून पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत 'परम' बघायला गेलो होतो. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक देताना खळखळ केली, म्हणून १९९१ला आपणच उभा केलेला हा महासंगणक. परम म्हणजे सर्वश्रेष्ठ, शिवाय पॅरलल मशीनची आद्याक्षरंही त्यात बसतात. आम्हाला वाटलं होतं गिरणीसारखा धडधडाट असेल. आत फक्त एसीचा हुंकार. मित्र म्हणाला, "चालू आहे ना नक्की?"

पाषाणला हवामानवाल्यांच्या आयआयटीएममधली नावं बघा: पृथ्वी, आदित्य, २०१८ला प्रत्यूष, २०२४ला अर्क. शेवटची तिन्ही सूर्याकडची. पावसाचा अंदाज काढायला सूर्य! पुण्यातच टाटांच्या सीआरएलमध्ये २००७ साली आलेल्या महासंगणकाचं नाव मात्र नुसतं 'एका', संस्कृतातलं. जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीत तो चौथा आला. म्हणजे नाव एक, नंबर चार. पुण्यात असताना ही कोटी मी किमान पन्नास वेळा केली आहे.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. एओएल या इंटरनेट सेवेवर ईमेल आलं की पुरुषी आवाज बोलायचा, "यू हॅव गॉट मेल." १९९९ला सासूबाई पहिल्यांदा आल्या. मी आंघोळीला गेलेले, घरात त्या एकट्या, आणि खोलीतून परका पुरुष बोलला. बाहेर आले तर त्या लाटणं घेऊन संगणकासमोर उभ्या.

तो आवाज एल्वुड एडवर्ड्स यांचा. बायको त्या कंपनीत कामाला, म्हणून १९८९ला यांनी घरच्या दिवाणखान्यात साध्या कॅसेटवर चार वाक्यं बोलून दिली. २०२४च्या नोव्हेंबरात ते गेले. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगंबाई, तो खरा माणूस होता?"

दातखिळी
मी दंतवैद्य, तेव्हा ब्लूटूथवर माझा हक्क. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड, त्याचं टोपणनाव निळ्या दाताचा. डेन्मार्क आणि नॉर्वे त्याने एका राज्याखाली आणले, म्हणून १९९७ला इंटेलच्या जिम कार्डाक यांनी यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला तात्पुरतं हे नाव सुचवलं. पक्कं नाव मार्केटिंगवाले शोधणार होते. ते काही वेळेत सापडलं नाही. चिन्हातली ती वेडीवाकडी आकृती म्हणजे त्याची आद्याक्षरं, जुन्या रून लिपीत एकावर एक. दात निळा का, ते धंद्याच्या अनुभवावरून सांगतो: मेलेला दात काळा-निळा पडतो. राजाला वेळेवर रूट कॅनॉल मिळालं नसणार.

आता धागाकर्तीला एक प्रश्न. आमच्या रिसेप्शनवर अजून एक्सपी आहे, कारण एक्स-रेचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. आणि मंगळवारी आमच्याकडे वीज गेली होती. खालची उजवी अक्कलदाढ?

जुनी_खिडकी
...डावी. आणि डॉक्टर, ते स्पीकर बंद करू नका.