स्पेलिंग एक, उच्चार भलताच: तुमची कशी फजिती झाली?

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. बाईंनी उभं करून वाचायला सांगितलं आणि मी खणखणीत आवाजात ‘क्नाइफ’ वाचलं. ‘के सायलेंट असतो रे!’ मग लिहायचा कशाला, हे विचारायची छाती नव्हती. बुधवारचं स्पेलिंग लिहिताना आजही ओठ ‘वेड-नेस-डे’ पुटपुटतात. येऊ द्या तुमचेही किस्से.

*

मी बँकेत होते. वीस वर्षं आमची अख्खी शाखा ‘डेब्ट फंड’ (debt, म्हणजे कर्ज) म्हणायची, कुणाचं काही अडलं नाही. मग एक नवी मुलगी आली, ती बरोबर ‘डेट फंड’ म्हणे. समोरचे आजोबा म्हणाले, ‘डेट कुठली, मॅच्युरिटीची का?’ तिने तीनदा समजावलं, शेवटी हळूच ‘डेब्ट’ म्हणाली आणि काम झालं. गंमत म्हणजे फ्रेंचमधून हा शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हताच. लॅटिन ‘डेबिटुम’शी नातं दाखवायला विद्वानांनी तो मागाहून घुसडला. लिहिला सगळ्यांनी, उच्चारला कुणी नाही. आमची शाखा सोडून.

*

लंडनमध्ये बसवाल्याला ‘साउथवार्क’ विचारलं. तो नुसता बघत राहिला. फोनवर नाव दाखवलं तर म्हणतो, ‘ओह, सदक!’ लेस्टर स्क्वेअरचं ‘लायसेस्टर’ त्याआधीच करून झालं होतं. घरमालकाला ‘टिळक’ म्हणायला लावून सूड उगवला.

*

सोसायटीचं झेंडावंदन. माइकवर मी: ‘कोलोनेल साहेबांचं स्वागत.’ साहेब हसले, बायको नाही.

*

इंग्रजीला हसताय, पण माझी सून लखनौची. ‘चार’ आणि ‘चारा’ यातला च वेगळा, हे तिला कुठल्या अक्षरावरून कळावं? पाण्याचा जग आणि हे सगळं जग, लिहून दाखवा बरं वेगळं.

*

धागाकर्त्यांना: तुम्ही चुकला नव्हता, तीन-चारशे वर्षं उशिरा जन्मलात इतकंच. तो के पूर्वी खरोखर उच्चारत. कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंगं छापात गोठत गेली, आणि बोलणारे मात्र पुढे निघून गेले.

*

धागाकर्ता: बाई ऐंशीच्या पुढे आहेत, अजून खणखणीत. फोन लावू का?