फवारणीची विषबाधा: ॲट्रोपिन इतक्या वेळा का द्यावे लागते?

प्रश्न:
परवा कपाशीवर मोनोक्रोटोफॉस फवारताना माझ्या मोठ्या भावाला विषबाधा झाली. तोंडाला फेस आलेला, अंग घामाने निथळत असलेले आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, अशा अवस्थेत आम्ही त्याला रुग्णालयात नेले. तिथे दर पाच मिनिटांनी ॲट्रोपिन दिले जात होते आणि ट्रेमध्ये ०.६ मिलिग्रॅमच्या रिकाम्या कुप्यांचा ढीग साचला होता. उतारा एकदा दिला की विष उतरायला हवे ना? आणि प्रालिडॉक्झिम कशासाठी दिले?

उत्तर १:
ॲट्रोपिन विषाला हातही लावत नाही. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन संदेश पोचवते आणि काम झाले की कोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते. हे कीटकनाशक त्या विकरालाच जखडते, त्यामुळे ॲसिटिलकोलीन साठत जाते, ग्रंथी अखंड पाझरतात आणि श्वासमार्ग स्रावाने भरून रुग्ण गुदमरतो. ॲसिटिलकोलीन जिथे जाऊन चिकटते त्या ग्रंथींवरच्या आणि हृदयावरच्या ग्राहींची (रिसेप्टरची) जागा ॲट्रोपिन अडवते. साठा जितका मोठा, तितके ते जास्त लागते. म्हणूनच छातीतली घरघर थांबेपर्यंत, नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत, मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात. केवळ बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडता घेणे मला धोक्याचे वाटते. छाती स्टेथोस्कोपने ऐकल्याशिवाय हा निर्णय होऊच नये.

उत्तर २:
प्रालिडॉक्झिम विकराला चिकटलेला फॉस्फेटचा भाग ओढून काढते, पण त्याला मुदत असते. मोनोक्रोटोफॉससारख्या मिथिल गटातल्या कीटकनाशकांनी जखडलेले निम्मे विकर साधारण चार तासांत कायमचे निकामी होते; एथिल गटात हीच मुदत सुमारे ३३ तासांची असते. म्हणून बाटली किंवा तिचे लेबल डॉक्टरांना अवश्य दाखवावे. प्रालिडॉक्झिमच्या उपयोगाविषयी चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, त्यामुळे भिस्त ॲट्रोपिनवरच असते. मात्र हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर ॲट्रोपिन चालत नाही. शुद्ध आल्यावरही, पहिल्या एक ते चार दिवसांत मानेचे स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो. भावाला उशीवरून डोके उचलता येते का, हे रोज पाहा. येत नसेल तर तत्काळ डॉक्टरांना सांगा.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. रात्री तो असंबद्ध बडबडत होता, अंगही तापले होते. ॲट्रोपिन जास्त झाल्याचे सांगून डॉक्टरांनी ते काही वेळ थांबवले. आज सकाळी पाणी पिण्यासाठी त्याने स्वतःहून मान उचलली.