शब्दचर्चा : ‘वाटाघाटी’ हा एकच शब्द किती ठिकाणी वापरायचा?

प्रश्न : आमचा गट दर रविवारी दादरला जमतो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे वठवत आणि फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ मराठीतून खेळतो. लढाईचे शब्द आता तोंडात बसले आहेत. मात्र आमची पात्रे पहारेकऱ्याशी, सावकाराशी किंवा एखाद्या सरदाराशी बोलू लागली की त्या सगळ्या प्रकाराला आम्ही सरसकट ‘वाटाघाटी’ म्हणतो आणि ते कानाला खटकते. ‘निगोशिएशन’साठी नेमका शब्द कोणता? ‘पर्सुएशन’ या कौशल्यालाही मराठी नाव हवे आहे.

प्रतिसाद : कौशल्याचे उत्तर सोपे आहे. ‘मन वळवणे’ हा रुळलेला प्रयोग असताना ‘अनुनयकौशल्य’ वगैरे घडवण्याची गरज नाही. त्याच ओळीत ‘डिसेप्शन’ला ‘थाप मारणे’ आणि ‘इंटिमिडेशन’ला ‘दम देणे’ सहज बसते. पहिल्या प्रश्नाला मात्र एका शब्दात उत्तर देऊ नये असे माझे मत आहे, कारण मराठीत या व्यवहाराचे जे निरनिराळे शब्द आहेत, त्यांतला प्रत्येक शब्द कोणाच्या हातात काय आहे हे सांगून जातो, आणि खेळ चालवणाऱ्या डीएमला नेमके तेच ठरवायचे असते.

‘घासाघीस’ किमतीची असते. माल विकायचा आहे हे कोळणीला मान्य असते आणि घ्यायचा आहे हे गिऱ्हाइकाला. वाद फक्त आकड्याचा. तिथे फासा टाकायचाच असेल तर एकदा टाकावा आणि पुढे जावे. ‘मनधरणी’त मागणाऱ्याच्या हाती देण्यासारखे काही नसते आणि समोरचा रुसलेला किंवा अडून बसलेला असतो. ‘रदबदली’ तिसऱ्यासाठी केली जाते: तुरुंगात पडलेल्या साथीदाराला सोडवण्यासाठी पात्र सुभेदाराकडे गेले तर ती रदबदली, आणि तिथे बोलणाऱ्याच्या गोडव्यापेक्षा त्याच्या शब्दाला दरबारात किती वजन आहे हे मोजले पाहिजे. ‘शिष्टाई’ दोन पक्षांमध्ये दूत म्हणून जाऊन करायची असते. ‘वाटाघाटी’ हा शब्द मी अशा ठिकाणी राखून ठेवीन, जिथे दोन्ही बाजूंकडे देण्यासारखे आणि राखण्यासारखे काहीतरी आहे आणि बोलणी अनेक फेऱ्यांत होणार आहेत. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. असा देण्याघेण्याचा हिशेब ज्या प्रसंगात मांडता येतो, त्या वाटाघाटी.

हे भेद नियमांच्याही जवळ जातात. या खेळाच्या १९७४च्या मूळ आवृत्तीत भेटलेल्या प्राण्याचा कल ठरवण्यासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकत. बेरीज लहान आली तर वैर, मोठी आली तर अनुकूलता आणि ६ ते ८ आली तर कल अनिश्चित. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १६ या मधल्या पट्ट्यात पडतात, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा पुढचे सारे बोलण्यावर सोडलेले असे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतल्या डीएमच्या पुस्तकात समोरचा माणूस मित्रभावी, तटस्थ किंवा वैरभावी धरला आहे. तिथे वैरभावी माणसासमोर वीसचे आव्हान पार केले, म्हणजे फासा आणि कौशल्याची भर मिळून वीस किंवा अधिक झाले, तरी तो स्वतःला झळ लागणार नाही एवढेच काम करून देतो. आपल्याकडे मात्र खेळाडू ‘मी त्याला पटवतो’ एवढेच म्हणून डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, भिरकावतो, अठरा येतात, आणि पुलावरचा नाकेदार आपली नोकरी धोक्यात घालून फाटक उघडेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ‘पटवणे’ हा शब्दच त्या टेबलावर बंद करावा, असे मला कधीकधी वाटते. काय सांगून पटवतो, बदल्यात काय देतो, हे विचारल्याशिवाय फाशाला हात लावू देऊ नये.

दुसरा प्रतिसाद : मुंबईत बसून ही यादी करताना ‘मांडवली’ कशी राहिली? चोरांच्या टोळीशी व्यवहार असेल तर दुसरा शब्द चालणारच नाही.

प्रतिसाद : मान्य. मांडवलीत कायदा बाजूला ठेवलेला असतो, मध्ये बहुधा कोणीतरी वजनदार माणूस बसलेला असतो आणि त्याचा हिस्सा निघतो. त्यामुळे डीएमने तिथे तिसरे पात्र उभे करावे आणि मांडवली मोडली तर त्या मध्यस्थाची नाचक्की होते, हे खेळाडूंना आधीच कळू द्यावे. ‘तडजोड’ वेगळी; तिच्यात दोघेही थोडे नाराज असतात, पण कोणी कोणाच्या उपकाराखाली नसते.

तिसरा प्रतिसाद : पण हे सारे भेद खेळाडूंना प्रत्येक वेळी समजावत बसलो तर खेळ कधी होणार?

प्रतिसाद : समजावू नका, संबोधनातून दाखवा. फाटकावरचा शिपाई ‘ए, कुठे निघालास?’ म्हणाला तर तो वैरभावी आहे, हे पाटी न लावता कळते. व्यापाऱ्याच्या मोहोरेचे पत्र पाहून तो ‘बोला, काय काम काढलंत?’ वर आला की कल एक पायरी सरकला, आणि खेळाडूंनी फासा मागण्याची ती वेळ. उलट, आतापर्यंत ‘या, बसा’ म्हणणारा सावकार एकदम ‘आपण आता निघावं’ म्हणाला, तर त्या ‘आपण’मध्ये बोलणी फिसकटल्याची खबर असते, त्यानंतर कोणी फासा मागितला तरी देऊ नये.