मदत हवी आहे : कन्व्हर्टिबल गाडीचे छप्पर अर्ध्यावर अडकते आहे

सुरूबन :
माझ्या कन्व्हर्टिबल (छप्पर घडी होऊन उघडणाऱ्या) गाडीचे छप्पर कालपासून अर्ध्यावर थांबते. बटण धरून ठेवले की मागचे झाकण उचलले जाते, घुर्र असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. मग मोठ्या मिनतवारीने ते पुन्हा बंद करावे लागते. सेवा केंद्र येथून, म्हणजे कोकणातून, सहा तासांवर आहे आणि मृग तोंडावर आला आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे. फ्यूज पाहून झाला आहे.

घाटवळण :
लवकर उत्तर हवे असेल तर माहितीही पूर्ण द्यावी लागेल. छप्पर कापडी आहे की धातूचे? इंजिन सुरू ठेवून बटण दाबले होते की नुसतीच चावी फिरवली होती? बॅटरी अशक्त असली की मोटार सुरुवातीचा जोर लावते आणि मध्येच हात टेकते. शिवाय बऱ्याच गाड्यांत डिकीतील सामान अलग ठेवणारा पडदा जागेवर ओढलेला नसेल, तर छप्पर हलतच नाही.

सुरूबन :
छप्पर अर्थातच कापडी आहे. इंजिन सुरू होते आणि पडदाही जागेवर आहे. गाडी सात वर्षांची आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग धागा भलतीकडेच जाईल.

पत्र्याचे_छप्पर :
कापडी छप्पर घेतले तिथेच चूक झाली. मर्सिडीजने 1996 साली एसएलके गाडीत घडी होणारे धातूचे छप्पर दिले, तेव्हाच हा प्रश्न सुटला होता. कोकणातल्या पावसात कापड टिकेल अशी अपेक्षा करणे म्हणजे कमाल आहे.

घाटवळण :
सुटला असता तर त्याच मर्सिडीजची एसएल पुन्हा कापडाकडे का वळली असती? नव्या एसएलचे कापडी छप्पर आधीच्या धातूच्या छपरापेक्षा 21 किलो हलके आहे, आणि हे वजन गाडीच्या सर्वांत उंच भागातून कमी झाल्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणजे वळणावर गाडी कमी कलते. बीएमडब्ल्यूच्या झेड4 नेही 2009 मध्ये धातूचे छप्पर घेतले आणि पुढच्याच पिढीत ते सोडले. छप्पर कापले की सांगाड्याचा पीळ सोसण्याचा ताठपणा घटतो, तो भरून काढण्यासाठी दारांखालचे उंबरठे आणि समोरच्या काचेची चौकट आधीच जड करावी लागते. त्यावर पुन्हा पत्रा आणि बिजागऱ्या लादल्या तर स्पोर्ट्स कार हे नाव कशाला ठेवायचे?

वेगवेडा :
कापडी छपराला कमी लेखू नये. 2020 साली आलेली 992 पिढीची पोर्शे 911 टर्बो एस कॅब्रिओलेट (म्हणजे कन्व्हर्टिबलच) कापडी छप्पर घेऊनच 2.8 सेकंदांत ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठते आणि ताशी 330 किलोमीटरपर्यंत जाते. एवढ्या वेगात कापड फुग्यासारखे वर ओढले जाऊ नये म्हणून आत मॅग्नेशियमच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि ते ताशी 50 किलोमीटरच्या वेगातही 12 सेकंदांत उघडते.

सुरूबन :
आपली माहिती उत्तम आहे, पण माझे छप्पर उभ्या गाडीतही उघडत नाही.

बंदरवाटेचा_प्रवासी :
मुळात आपल्याकडे अशी गाडी वापरायचीच कशाला, हे मला कळत नाही. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी छप्पर उघडून जाण्यात मौज असेल, पण दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या उतारावर पुढचा बंपर घासतो, त्याचे काय करता? उंच बांध्याची थार घ्यावी.

जुना_हातोडा :
बंपरचे राहू द्या. सुरूबन, तीन गोष्टी सांगा. गाडी कुठे उभी असते? परवाच्या वळवात ती भिजली का? आणि चढावर किंवा ब्रेक दाबल्यावर आसनामागून पाणी हलल्यासारखा आवाज येतो का?

सुरूबन :
गाडी घरामागे सुरूच्या झाडांखाली असते, गेले तीन आठवडे ती हललेलीच नव्हती. वळवात भिजली, पण आत थेंबही आला नाही. आवाज मात्र येतो. मी तो पेट्रोलचा समजत होतो.

जुना_हातोडा :
हे पहिल्याच वेळी लिहिले असते तर एसएलकेचा इतिहास वाचावा लागला नसता. कापडी छपरावरून ओघळणारे सगळे पाणी बाहेर पडत नाही. काही पाणी छप्पर घडी होऊन बसते त्या कप्प्यात उतरते आणि दोन्ही कोपऱ्यांतील नळ्यांवाटे गाडीखाली गळते. गाडीची रचनाच तशी असते, तो दोष नव्हे. सुरूचा पाला सुईसारखा असल्याने तो नळीत उभा शिरतो आणि बूच बसते. काही गाड्यांत छप्पर चालवणारा पंप त्याच कप्प्याच्या तळाशी असतो, म्हणजे तो सध्या पाण्यात बसलेला असू शकतो. बटण दाबणे आधी थांबवा, बॅटरीची जोडणी काढा आणि गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉन दोरी नळीत हळूच सरकवा. हवेचा दाब किंवा तार वापरू नका, नळी सांध्यातून निसटेल.

पत्र्याचे_छप्पर :
धातूच्या छपरालाही अशा नळ्या असतात, हे मला मान्य करावे लागेल.

सुरूबन :
उजव्या नळीतून काळे पाणी आणि मूठभर पाला निघाला, साधारण अर्धी बादली. डावी अजून तुंबलेली आहे. पंप खरोखरच ओला आहे. तो काढून सुकवावा की जागेवरच सुकू द्यावा? गालिच्याखालचा फोमही भिजलेला आहे, आणि आज येथे आभाळ भरून आले आहे.

जुना_हातोडा :
काढूनच सुकवा. जागेवर ठेवलात तर खाऱ्या हवेत त्याच्या जोडणीच्या पिना हिरव्या पडतील. फोमसाठी आसने सोडवावी लागतील, आणि गाडी आजच्या आज सुरूखालून पडवीत घ्या.